ऑर्डर सुचवणारं सॉफ्टवेअर: मेडिकल दुकानात वर्षभर वापरल्यावर

मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीत एक आणि सांगलीत एक, अशी आमची दोन मेडिकल दुकानं आहेत. बिलिंग संगणकावर कधीचंच सुरू आहे, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. २०२५ च्या पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही त्याला जोडून खरेदीचा सल्ला देणारा भाग घेतला: काय मागवायचं, किती मागवायचं, कुणाकडून, काय परत करायचं. त्याला आता वर्ष होत आलं. नाव लिहीत नाही, कारण या वर्गातली चार-पाच सॉफ्टवेअर बाजारात आहेत आणि माझ्या बऱ्याच तक्रारी सगळ्यांनाच लागू पडाव्यात.

आधी ते काय करतं ते सांगतो. रोज सकाळी शटर वर गेलं की स्टॉकिस्टनिहाय, म्हणजे आम्हाला माल देणाऱ्या ठोक विक्रेत्यांप्रमाणे, यादी तयार असते. हिशेब साधा आहे. रोजची सरासरी विक्री, गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक थोडा राखीव साठा. हातातला माल त्या आकड्याखाली गेला की औषध यादीत येतं. विकायला आलेला पोरगा याला एआय म्हणत होता. मी त्याला एवढंच विचारलं की गेल्या तीन महिन्यांची सरासरी काढणं दुकानातल्या आमच्या जुन्या अण्णांना शाळेत शिकवलं होतं, तुमचं यंत्र वेगळं काय करतं? तो हसला आणि चहा घेऊन गेला. पण गंमत बाजूला ठेवली तर पाच-सहा हजार वस्तूंची सरासरी रोज सकाळी कुठलाही माणूस काढत नाही, आणि यंत्र ती काढतं. पैसे त्याचेच आहेत.

पहिले दोन आठवडे यादी बघून आम्ही कपाळाला हात लावत होतो. सगळ्याच औषधांना ‘पंधरा दिवसांचा साठा’ असं एकच माप लावलेलं. आमच्या धंद्यात हे चालत नाही. सांगली-मिरजेत स्टॉकिस्टची गाडी दिवसातून दोनदा येते. मधुमेहाची रोजची गोळी सकाळी सांगितली की दुपारी काउंटरवर. तिचा पंधरा दिवसांचा साठा म्हणजे पैसे फळीवर झोपवणं. उलट काही इंजेक्शनं पुण्या-मुंबईहून येतात, मध्ये रविवार आला तर चार दिवस जातात. तेव्हा माल यायचे दिवस वस्तूनिहाय भरून घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण ते केल्याशिवाय यादीवर विश्वास ठेवू नका. आम्ही आधी सर्वांत जास्त खपणाऱ्या तीनेकशे वस्तू भरल्या आणि यादी एकदम शहाणी वाटायला लागली.

एक्स्पायरीच्या बाबतीत मात्र बिनतक्रार पैकीच्या पैकी मार्क. आमच्याकडे नियम असा की जो माल आधी संपणार तो आधी विकायचा, मग तो कधीही आलेला असो. सांगायला सोपं, पण गर्दीच्या वेळी काउंटरवरचा पोरगा हाताला येईल ती स्ट्रिप काढतो. आता बिल करताना कुठली बॅच (एकाच वेळी बनलेला, एकाच मुदतीचा माल) काढायची ते पडद्यावर येतं. शिवाय सहा महिन्यांत संपणाऱ्या मालाची यादी स्टॉकिस्टप्रमाणे वेगळी होते, त्यामुळे परतीची मुदत असतानाच खोकं बांधून होतं. पूर्वी मुदत उलटलेला माल सापडायचा तो दिवाळीच्या सफाईत.

दुसरा मोठा फायदा स्कीमचा हिशेब. हा भाग जरा सविस्तर लिहितो, कारण मेडिकलवाल्यांचं निम्मं डोकं इथेच फिरतं. समजा एक स्ट्रिप आपल्याला ७० रुपयांना पडते आणि स्कीम आहे २० वर ३, म्हणजे २० घेतल्या की ३ फुकट. म्हणजे १४०० रुपयांत २३ स्ट्रिप, एक ६०.८७ ला, सरळ १३ टक्के सूट. ऐकायला झकास. पण ते औषध आपल्याकडे महिन्याला साडेचार स्ट्रिप खपतं आणि बॅचला चारच महिने उरलेत. म्हणजे १८ विकल्या जाणार आणि ५ उरणार. स्कीमचा माल परत घेताना बहुतेक ठिकाणी हात आखडता असतो, तो गेलाच असं धरा. मग १४०० भागिले १८, म्हणजे ७७.७८. सूट सोडा, मूळ भावापेक्षा पावणेआठ रुपये जास्त. हा भागाकार येत नाही असं नाही. प्रश्न असा की स्कीम विकायला आलेला माणूस समोर वही घेऊन उभा असतो, ‘शेठ, आज शेवटचा दिवस’ म्हणत असतो, आणि काउंटरला सात गिऱ्हाइकं. आता मी त्याच्यासमोरच आकडे टाकतो आणि पडदा त्याच्याकडे फिरवतो. वाद होत नाही. संगणकाने नाही म्हटलं की कुणाला राग येत नाही, हा एक न छापलेला फायदा.

आता मुख्य तक्रार. यंत्राला विक्री कळते, मागणी कळत नाही.

फरक लहान वाटतो, पण पूर्ण धंदा त्यात अडकलाय. एखादी गोळी रोज ४ स्ट्रिप जाते. महिन्यातले दहा दिवस ती आपल्याकडे नव्हती. विक्री झाली २० दिवसांची, म्हणजे ८० स्ट्रिप. यंत्र ८० ला ३० ने भागतं आणि म्हणतं, रोजचा खप २.६७. त्या हिशेबाने पुढच्या पंधरवड्याला ६० ऐवजी ४० सुचवतं. ४० दहा दिवसांत संपतात, पुन्हा पाच दिवस फळी रिकामी, सरासरी परत तीच २.६७, वर येतच नाही. असं दोन-तीन महिने चाललं की चांगलं खपणारं औषध अहवालात ‘मंद’ म्हणून दिसतं, आणि गिऱ्हाईक तोवर समोरच्या दुकानात बसलेलं असतं. भरीला आपण त्या गोळीच्या जागी दुसऱ्या कंपनीची त्याच घटकाची दिली असेल, तर तिचा खप उगाच फुगलेला दिसतो आणि ती ढिगाने मागवली जाते. एकच चूक दोन्हीकडून मार देते.

आमच्याकडे हे पकडलं अण्णांनी. ते अजून शॉर्ट बुक लिहितात. काउंटरला मागितलं आणि नव्हतं, की वहीत नाव. चाळीस वर्षांची सवय. सॉफ्टवेअर आल्यावर आम्ही सगळे म्हणत होतो की अण्णा, आता कशाला वही? ऑगस्टमध्ये त्यांनी वही आणि यादी शेजारी ठेवली. वहीत तीन-तीनदा लिहिलेली औषधं यादीत नावालाही नव्हती.

कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला. पहिल्या माणसाने ‘सर, सिस्टीम बरोबर आहे’ म्हणून ठेवून दिला. दुसऱ्या वेळी बाई भेटल्या, त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या इथे मुद्दाम लिहितो कारण माहितीपुस्तकात शोधूनही सापडत नाहीत. एक, सेटिंगमध्ये सरासरी काढताना माल हातात असलेल्या दिवसांनीच भागायचा पर्याय आहे, तो मुळात बंद असतो. चालू केला की वरच्या उदाहरणात ८० भागिले २० होतं आणि खरे ४ मिळतात. दोन, बिलाच्या पडद्यावर ‘दिलं नाही’ अशी नोंद करता येते, एका बटणावर. आता शॉर्ट बुक तिथे भरतो. म्हणजे काउंटरवरची पोरं भरतात, जेव्हा आठवतं तेव्हा. अण्णांची वही अजून बंद झालेली नाही आणि मीही आग्रह सोडलाय. संध्याकाळी पाच मिनिटं वही बघून नोंदी टाकणं हेच सगळ्यात खात्रीचं निघालं.

वर्गवारीचंही असंच. अहवाल मालाला खपाच्या एकूण किमतीप्रमाणे अ, ब, क गट देतो: थोड्या वस्तूंत बहुतेक पैसा, म्हणून त्यांच्यावर जास्त लक्ष. कारखान्याच्या भांडारात हे उत्तम. मेडिकलमध्ये ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, जे जिवावरच्या ॲलर्जीत तातडीने लागतं, क गटात अगदी तळाला, आणि यंत्र सांगतं बंद करा. बाजूच्या दवाखान्यातून कुणी धावत आलं तर त्याला काय अहवाल दाखवायचा? रुग्णालयांच्या भांडारात यासाठी दुसरी वर्गवारी जोडतात: जीवनावश्यक, आवश्यक, असलं तर बरं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तिचा रकाना आहे पण रिकामा, तो आपण भरायचा. शेजारच्या डॉक्टरांना विचारून आम्ही यादी केली. त्या वस्तूंना ‘कधीही शून्य नको’ असा शिक्का मारला, त्या आता सरासरीच्या तावडीतून सुटल्या.

सप्टेंबर २०२५ मध्ये तर यंत्राची परीक्षाच झाली. १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार असं जाहीर झालं, ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने निर्णय घेतला, २२ सप्टेंबरपासून बहुतेक औषधं १२ वरून ५ टक्क्यांवर आली. मधल्या काळात आम्ही आणि आमच्यासारख्या अनेकांनी खरेदी आवळली, कारण जुन्या दराचा माल अंगावर कुणाला हवा होता? यंत्र रोज सकाळी नेटाने जुनाच आकडा सुचवत होतं, आम्ही निम्मा कापत होतो. त्याला घोषणा कळत नाहीत, त्याचा दोषही नाही. पण पुढे काय झालं ते बघा. आवळलेल्या महिन्यात थोडा माल संपला, विक्री पडली, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सूचना त्या पडलेल्या महिन्यावर बेतलेल्या. शेवटी तो कालावधी हिशेबातून वगळायला लागला. वगळायची सोय आहे हे चांगलं, ती आपण होऊन वापरावी लागते हे लक्षात ठेवा. वर्षभराच्या आकड्यांत असा एखादा वेडा महिना असतोच.

डॉक्टर बदलले की काय होतं हे तर कुठल्याच सरासरीत येत नाही. मिरजेत १८९४ पासून, मिशन हॉस्पिटल सुरू झालं तेव्हापासून, लांबलांबून पेशंट येतात. आजही कर्नाटकातल्या अथणी, रायबाग, चिकोडीकडची माणसं सकाळी उतरतात आणि चिठ्ठी घेऊन आमच्यापुढे उभी राहतात. एक डॉक्टर सुट्टीवर गेले, किंवा त्यांनी कंपनी बदलली, की दहा वस्तूंचा खप एका आठवड्यात शून्य. हे आम्हाला कंपाउंडरकडून दोन दिवस आधी कळतं. यंत्राला महिन्याने कळतं. व्यवस्थापनाच्या अभ्यासात १९७१ मध्येच गोरी आणि स्कॉट मॉर्टन या दोघांनी निर्णयांची विभागणी करून ठेवली होती: काही निर्णय पूर्ण नियमात बसणारे, काही अजिबात न बसणारे, आणि मधले अर्धवट. निर्णयाला मदत करणाऱ्या यंत्राचं काम मधल्या आणि न बसणाऱ्या ढिगांत, असा त्यांचा रोख. आमची रोजची ऑर्डर मधल्या ढिगातली. विकणाऱ्याने ती पहिल्या ढिगातली म्हणून विकली, भांडण तेवढंच.

महागड्या, एखाद्याच पेशंटच्या औषधाला तर सरासरी लावूच नका. महिन्याला दोन कुप्या नेणारा एक पेशंट म्हणजे रोजची ०.०७ कुपी, या आकड्याचं करायचं काय? तिथे पेशंटनिहाय आठवण ठेवायची सोय वापरतो. तारखेच्या चार दिवस आधी फोन, हो म्हणाले की मागवणे. उत्तम चालतं.

दोन दुकानं असणाऱ्यांना आणखी एक फायदा आहे. सांगलीत पडून असलेला माल मिरजेत खपतो हे आता दिसतं, आणि आधी तिकडून आणा, मग खरेदी करा असं यादीच सुचवते. पुराच्या तयारीलाही त्याचा उपयोग होईल, असं वाटतं. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत सांगलीकरांनी काय बघितलं ते नव्याने सांगायला नको. कोयना धरणातून किती सोडलंय आणि सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी कितीवर आहे हे बघूनच आम्ही खालच्या फळ्या रिकाम्या करतो, पण कुठल्या खोक्यात किती रुपयांचा माल आहे आणि आधी काय हलवायचं ही यादी आता दोन मिनिटांत निघते.

बाकी किरकोळ. एच-वन औषधांची (काही अँटिबायोटिक वगैरे, ज्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते) नोंदवही, जी तीन वर्षं जपावी लागते, ती आपोआप तयार होते, झकास. रंगीत आलेख बघतो कोण? मोबाइल ॲप मंद आहे. मराठी पर्याय आहे, पण तो वाचून इंग्रजीच बरं वाटतं.

वर्गणी वर्षाला काउंटरवरच्या एका पोराच्या महिन्याच्या पगाराएवढी. एक्स्पायरी आणि फसव्या स्कीम या दोन खात्यांतूनच ती निघाली, म्हणून यंदा पुन्हा भरतोय. ‘आपोआप ऑर्डर पाठवा’ हे बटण मात्र बंदच आहे. यादी तेवढी घेतो, खोडाखोड करतो, मगच पाठवतो. खोडाखोड आता बरीच कमी झालीय, पावसाळा सुरू झाला की पुन्हा वाढेल.

घेणार असाल तर डेमोच्या वेळी आलेख बघत बसू नका. माल संपलेले दिवस सरासरीतून वगळता येतात का, न दिलेल्या मालाची नोंद कुठे होते, एखादा कालावधी बाजूला काढता येतो का, आणि सॉफ्टवेअर सोडायचं ठरवलं तर आपला सगळा डेटा एक्सेलमध्ये परत मिळतो का, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तोंडी घेऊ नका, तिथेच फाइल काढून दाखवायला लावा.