मडगाव जंक्शन: आठ महिने गाडी बदलल्यावर

मे २०२५ मध्ये माझी कुडचड्याच्या शाखेत बदली झाली. घर थिवीला. तेव्हापासून रविवारी थिवीहून मडगाव, तिथे उतरून कुळ्याकडची पॅसेंजर, कुडचड्यासाठीच्या सावर्डे स्टेशनला उतरायचं. शुक्रवारी संध्याकाळी हेच उलट. आई म्हणाली, बसने जा. पण म्हापसा, पणजी, मडगाव असे तीन स्टँड पाठीवर बॅग घेऊन पालथे घालण्यापेक्षा एक जिना चढणं मला परवडतं. त्या जिन्याबद्दलच खरं तर लिहायचं आहे.

मडगावला आपण नुसती गाडी बदलत नाही, रेल्वे बदलतो. थिवीहून येते ती कोकण रेल्वे, सावर्ड्याला नेते ती दक्षिण पश्चिम रेल्वे. तिकीट एकच चालतं, त्यामुळे प्रवाशाला हे सहसा कळतही नाही. भाड्यात मात्र फरक दिसतो: कोकण रेल्वेवर भाडं धरताना प्रत्यक्ष अंतर ४० टक्के वाढवून मोजतात. बोगदे आणि पूल बांधायला झालेला खर्च अजून आपल्या तिकिटातून निघतोय, असं समजा.

दोघींपैकी कुळ्याकडची थोरली, आणि बरीच थोरली. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारातून तिचा जन्म झाला. १८८८ पर्यंत मुरगाव बंदरापासून घाट चढून कॅसलरॉकपर्यंत मीटर गेज रूळ पोचले होते. घाटातला चढ ३७ फुटांना एक फूट, म्हणून आजही गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात. ही लाइन बंदरासाठी घातली, माणसांसाठी नव्हे, आणि ते अजून जाणवतं. फलाटावर उभं असताना समोरून कोळशाची मालगाडी लांबलचक जात राहते आणि आपण डबे मोजत बसतो. १९५५ मध्ये भारताने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा सरहद्दीपलीकडची वाहतूक तुटली, ती गोवामुक्तीनंतर पुन्हा जुळली. आमच्या आजीच्या बोलण्यात मुंबई म्हणजे आगबोट, नाहीतर मिरजेला गाडी बदलणं. मिरजेचा फलाट, ट्रंक आणि हमालाशी घासाघीस, हे सगळं तिने इतक्यांदा सांगितलंय की मला ते स्वतः पाहिल्यासारखं वाटतं.

धाकटी कोकण रेल्वे. १९९० मध्ये महामंडळ झालं आणि २६ जानेवारी १९९८ ला रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण सुरू झाला. गोव्यात तिला सहज वाट मिळाली नाही. खाजनं, म्हणजे बांध घालून राखलेली खाडीकाठची शेतं, बुडतील, किनाऱ्याजवळची गावं चिरली जातील म्हणून नव्वदच्या दशकात इथे मोठं आंदोलन झालं, मार्ग बदलायची मागणी झाली, काम थांबलंही. आणि सगळ्यात शेवटपर्यंत छळलं ते पेडण्याच्या मऊ मातीतल्या बोगद्याने. ते छळणं संपलं असंही नाही. जुलै २०२४ मध्ये त्याच बोगद्यात पाणी शिरलं, तेव्हा काही गाड्या लोंढा-मिरजमार्गे वळवाव्या लागल्या. म्हणजे धाकटी अडकली आणि थोरलीने हात दिला. जंक्शन कशासाठी असतं ते त्या आठवड्यात कळावं.

आता सुधारणा. २०२२ मध्ये कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं. जून २०२३ मध्ये मुंबईची वंदे भारत आली, त्याच डिसेंबरात मंगळूरची. चकचकीत गाडी, फोटो काढणारे प्रवासी, सगळं छान. पण माझ्यासारखीला त्याचा उपयोग किती? मुळात कोकण रेल्वेचा बहुतेक मार्ग अजून एकेरी आहे. समोरून महत्त्वाची गाडी येणार असली की पॅसेंजरने बाजूला थांबायचं. वेगवान गाड्या वाढल्या की हे थांबणंही वाढतं. इकडे थोरलीच्या दुपदरीकरणावर मोलेच्या जंगलापायी वाद पेटला, लोक रात्री चांदरच्या रुळांवर बसले, आणि कॅसलरॉक-कुळे टप्प्याची वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केली. मी दर खेपेला उशिराला शिव्या घालणारी, तरी या बाबतीत जंगलाच्या बाजूने आहे. आठवड्यातली पंधरा मिनिटं द्यायला माझी हरकत नाही.

जुन्या सुधारणेची एक गंमत. याच मडगावात स्कायबसची चाचणी व्हायची, उंच खांबांवरून लटकत धावणारी. २००४ मध्ये चाचणीत अपघात होऊन एक जीव गेला, पुढे तो सांगाडाही काढून टाकला. आमच्या पॅसेंजरमधले निवृत्त काका अजून खिडकीतून बोट दाखवतात, ‘तो खांबो हांगा आसलो.’ तिथे आता काहीच नाही, तरी मी दर वेळी बघते.

पावसाळ्याबद्दल सावध करते. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं, २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. वेग कमी, वेळा बदललेल्या. जूनमध्ये मी जुन्याच वेळेच्या भरवशावर सावर्ड्याला चहा पीत बसले आणि मडगावला आले तर माझी गाडी निघून गेलेली. चूक माझीच, मोबाइलवर बघितलं असतं तर कळलं असतं. बाहेर पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाले, उभे होतेच. ‘खंय वचपाचें, बाय?’ म्हणत त्यांच्यातल्या एकाने कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसच्या, स्टँडवर सोडलं. स्टेशनपासून स्टँड लांब आहे, बॅग असेल तर चालत जायच्या भानगडीत पडू नका.

पाचपैकी किती? नव्याने येणारा पर्यटक चार देईल. मी तीन देते, कारण दोन गाड्यांची वेळ एकमेकींशी जुळवून घ्यायचं काम अजून प्रवाशाच्या पायांवर सोडलेलं आहे. चांदर सुटलं की नेहमीची माणसं उठून दाराशी जमतात, सगळ्यांना जिना आधी गाठायचा असतो. पहिले दोन महिने मी मागच्या डब्यात बसून सगळ्यांच्या मागे धावले. आता सावर्ड्यालाच इंजिनापासून तिसऱ्या डब्यात चढते. मडगावला दार बरोबर जिन्यासमोर उघडतं.