लक्ष्मी रोडवरचा बस्ता, लिंबू कलर आणि चार स्टार

दुकानाचं नाव लिहीत नाहीये, आधीच सांगते. खाली ज्या काकांबद्दल लिहिलंय त्यांची नोकरी माझ्या रिव्ह्यूमुळे जायला नको, आणि ज्या मालकाबद्दल लिहिलंय तो उगाच फेमस व्हायला नको. लक्ष्मी रोडवर साड्यांच्या दुकानांची काही कमी नाही, शोधत बसा.

तर धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि बस्ता बांधायला आम्ही पाच जणी गेलो. आई, मावशी, मी, धाकटी आणि तिची होणारी नणंद. पहिला सल्ला, गाडी नेऊ नका. आम्ही नेली, आणि पार्किंग शोधण्यात पाऊण तास गेला, त्यात आई आणि मावशीचं एकदा भांडण होऊन मिटलं पण. मंडई मेट्रो स्टेशन २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झालंय, तिथे उतरा आणि चालत या, पिशव्या जड झाल्या तर येताना रिक्षा करा.

मालाबद्दल बोलायचं तर पाचपैकी पाच. हातमागाची म्हणून जी पैठणी दाखवतात ती खरंच हातमागाची असते, आम्ही पदर उलटा करून बघितला. हातमागाच्या पदराची मागची बाजू पण जवळपास पुढच्यासारखीच स्वच्छ असते, मशीनवर विणलेल्या सेमी पैठणीमध्ये मागे धागे लोंबत असतात नाहीतर कापून टाकलेले दिसतात. पैठणीला २०१० मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तरी सेमीला ओरिजिनल म्हणून गळ्यात मारणारे अजून भेटतातच, इथे मात्र सेमीची थप्पी वेगळी ठेवलेली आणि काका स्वतःहून सांगत होते, ही सेमी आहे, रिटर्न गिफ्टला घ्या, नवरीला नको. अस्सल रेशमाचं सिल्क मार्कचं लेबल पण होतं. किमती लावलेल्या, घासाघीस फारशी चालत नाही, मावशीनं वीस मिनिटं घालवून तीनशे रुपये कमी केले आणि दोन कापडी पिशव्या मिळवल्या.

आता सर्व्हिस. इथे गोष्ट अडते.

आमच्या गादीवर जे काका होते ते तिथे बेचाळीस वर्षं आहेत, त्यांनीच सांगितलं. माणूस बोलता बोलता साडी अशी उलगडतो की घडी मोडल्याचं कळतसुद्धा नाही. आमसुली, डाळिंबी, मोरपंखी, चिंतामणी, एकेका रंगाचं नाव घेऊन टाकत होते आणि समोर डोंगर झालेला. धाकटीनं त्यातली लिंबू कलरची एक उचलली, राणी काठ, बारीक मुनिया बॉर्डर, आणि नुसती खांद्यावर टाकली. काकांनी मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाले, "ही नका घेऊ ताई. तुमच्या रंगाला नाही जायची. उजळ माणसाचा कलर आहे हा, तुमच्या अंगावर मरेल."

माझं डोकंच फिरलं. कोणी काही बोलायच्या आत मी, आणि ते पण चांगलं मोठ्यांदा, "अहो काका, काय बोलताय तुम्ही! ती काही एवढी काळी नाहीये!"

शेजारच्या गादीवरच्या बायका वळून बघायला लागल्या. होणारी नणंद एकदम मोबाइलमध्ये. मावशीनं रिकामा झालेला चहाचा कप परत तोंडाला लावला. आणि काका हळूच म्हणाले, "मी काळी म्हटलंच नाही ताई."

नव्हतं म्हटलं. खरंच नव्हतं म्हटलं त्यांनी.

तेवढ्यात गल्ल्यावरचा मालक आला, तिशीतला असेल, हसतमुख वगैरे. झालं काय ते न विचारताच, "मॅडम त्यांचा तसा हेतू नव्हता, जुने लोक आहेत, तुम्ही जरा जास्तच मनावर घेतलंत." आणि पोराला सांगितलं, मॅडमना थंड आण. हे वाक्य लक्षात ठेवा, कापलेला स्टार याच वाक्याचा आहे. म्हणजे चूक कोणाची तर ऐकणाऱ्याची, हिच्या मनाची साइजच चुकली, जरा मोठी घ्यायला हवी होती. बरं, ज्या मुलीबद्दल शेरा होता तिच्याकडे त्यानं बघितलं पण नाही, सगळं माझ्याशीच.

काकांनी काय केलं ते सांगते. सॉरी वगैरे काही म्हणाले नाहीत. ती लिंबू साडी उचलली, धाकटीला म्हणाले, "ट्यूबलाइटमध्ये काही खरं कळत नाही, दारात चला, तुम्ही स्वतः बघा, माझं चुकत असेल." दारात उन्हाला उभं करून खांद्यावर साडी टाकली आणि हातात आरसा दिला. तिनं बघितलं, इकडे वळून तिकडे वळून, आणि म्हणाली, "मरतोय हो काका, खरंच मरतोय." दोघं हसले. मग त्यांनी आतून वांगी रंगाची एक आणली, धूपछाव, उभे धागे लाल आणि आडवे निळे, त्यामुळे सरळ धरली की वांगी आणि जरा वळवली की लालसर, नारळी काठ. तीच घेतली. अठरा हजार चारशे. (आई म्हणाली होती बारापर्यंत, पण आईचं बजेट आणि पुण्यातला जूनचा पाऊस, अंदाज फक्त.)

आणि जाता जाता मी माझ्यासाठी एक बदामी रंगाची बघत होते तर काका म्हणाले, "तुम्ही ही नका घेऊ, आजारी दिसाल." मी खो खो हसले आणि ठेवून दिली. दुकानाबाहेर आल्यावर डोक्यात आलं, अरे, मला पण तर तेच म्हणाले ते. तोच माणूस, तोच सूर, तोच हेतू की साडी घरी नेऊन कपाटात पडायला नको. मला गंमत वाटली, कारण मी गोरी आहे आणि आजारी दिसशील म्हटल्यानं माझं आजपर्यंत काही अडलेलं नाही.

तिचं अडलंय. आमच्या आत्याचा धाकटीवर जीव, माझ्यापेक्षा जास्तच, आणि दर दिवाळीला आत्या तिच्यासाठी न चुकता ती क्रीमची ट्यूब आणायची, जी १९७५ पासून फेअर नावानं खपली आणि २०२० मध्ये नावातलं फेअर काढून ग्लो केलं. माझ्यासाठी पुस्तक, तिच्यासाठी ट्यूब. आत्याच्या मनात काडीचं वाईट नव्हतं हे मी शपथेवर सांगीन. आणि धाकटी ती ट्यूब न उघडता बाथरूमच्या कपाटात मागे ढकलायची, हे पण मी बघितलंय. लग्नाचा बायोडेटा केला तेव्हा आईनं वर्ण या रकान्यात 'निमगोरी' लिहिलं. निमगोरी, काय शब्द आहे बघा, अर्धी तरी गोरी म्हणा पण सावळी म्हणू नका. विठ्ठलाला सावळा म्हणताना आपला ऊर भरून येतो आणि पोरीच्या बायोडेटात तोच शब्द चालत नाही. धाकटीनं तो रकानाच उडवला. २०२० मध्ये एका मोठ्या विवाह साइटनं रंगाचा फिल्टर काढला तेव्हा तिनं मला स्क्रीनशॉट पाठवून फक्त "हुश्श" लिहिलं होतं. एवढं सगळं पाठीवर घेऊन ती त्या गादीवर बसलेली. काकांना ते कुठनं दिसणार, त्यांना तिच्या खांद्यावर फक्त लिंबू कलर दिसत होता.

बिल करून आम्ही जवळच्याच अमृततुल्यमध्ये बसलो, आई आणि मावशी ब्लाउजपीस मॅच करायला गेल्या, नणंद पण निघाली. मी सुरू झाले, मालक कसा बोलला, रिव्ह्यूच लिहिते बघ, वगैरे. धाकटी क्रीमरोल खात शांतपणे म्हणाली, "काका साडीबद्दल बोलत होते गं. तू माझ्याबद्दल बोललीस."

मी म्हटलं, म्हणजे?

"एवढी काळी नाहीये म्हणजे थोडी आहे, आणि असणं वाईट आहे. ते पण माझ्या होणाऱ्या नणंदेसमोर."

आणि मी काय बोलले असेन? सांगा ना. मी म्हटलं, "अगं माझा तसा हेतू नव्हता, तू उगाच मनावर घेतेस." शब्दन् शब्द मालकाचं वाक्य. फक्त थंड मागवायचं राहिलं.

यातली खरी मजा आता सांगते. मी आमच्या कंपनीत आयसीची मेंबर आहे, म्हणजे ती पॉशची, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी बघणारी इंटर्नल कमिटी, २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी लागते ती. नवीन लोक जॉइन झाले की ट्रेनिंग मीच घेते. त्यात माझी एक ठरलेली स्लाइड आहे की या कायद्याच्या व्याख्येत शब्द आहे तो अनवेलकम, म्हणजे समोरच्याला नकोसं, तेव्हा "मी तर मस्करीत म्हणालो" एवढं म्हणून सुटका होत नाही. मग कोणीतरी हात वर करतोच, मॅडम मग उद्या कोणी कशालाही अपमान म्हणेल. त्याला मी फौजदारी कायद्याचं सांगते, जुनं ५०९ कलम, जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ७९, तिथे स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान होईल असा शब्द काढणं पुरत नाही, तसा हेतू असावा लागतो. तुरुंगात टाकायचं तर माणसाच्या मनात काय होतं ते बघावं लागतं, आणि टेबलाशेजारी बसणाऱ्या बाईला रोज कामावर यावंसं वाटतंय का ते बघायचं तर तिला विचारावं लागतं. दोन वेगळे प्रश्न आहेत ते, म्हणून दोन वेगळ्या पट्ट्या. साडीच्या दुकानातल्या रंगाच्या शेऱ्याला यातलं काहीच लागू नाही, माहितीये मला, पण माझी स्लाइड मला त्या चहाच्या टेबलावर पाठ होती आणि तरी तोंडातनं बाहेर काय आलं तर हेतू नव्हता.

म्हणजे हेतूला काही किंमतच नाही असं मी म्हणत नाहीये. काकांवरचा माझा राग उतरला तो त्यांचा हेतू कळल्यामुळेच ना. पण राग माझा होता, तो उतरला. तिला लागलं की नाही हे मी कोण ठरवणार, आणि मालक तर त्याहून कोण. मी तर उलट तिला न विचारताच ठरवलं की काकांचं लागलं असणार, तिला ते तेवढं लागलंच नव्हतं. लागलं ते माझं. काका चुकले नाहीत असं पण नाही हं, "उजळ माणसाचा कलर" हे शब्द त्यांनी गाळले असते तरी साडी तेवढीच मेली असती. धाकटीला विचारलं, ती म्हणाली, टोचलं थोडं, पण त्यांनी दारात नेलं ना, तिथे संपलं. आणि माझं? "तुझं बघू."

फॉल-पिको त्यांच्याकडेच टाकलेलं. सांगितले चार दिवस, लागले आठ, हे पण लिहून ठेवते. आणायला मी एकटी गेले. मालक गल्ल्यावर नव्हता, काका होते. मी म्हटलं, काका त्या दिवशी मी जरा जोरात बोलले. ते घडी घालत होते, थांबले नाहीत, म्हणाले, "लागलं मला थोडं. बेचाळीस वर्षात गिऱ्हाइकाचा अपमान केला असं कोणी म्हटलं नव्हतं." मी म्हटलं, अहो पण मी तसं... आणि जीभ चावली. पुढचं वाक्य माहितीये ना तुम्हाला. त्याऐवजी सॉरी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "धाकट्या ताईंना सांगा, ब्लाउज लाल शिवू नका, निळा शिवा. लाल सगळेच शिवतात."

फॉल नीट लावलाय, टाके बारीक, पिकोचा दोरा पण मॅचिंग.

तर एकूण, माल पाच, किंमत चार, फॉल-पिको वेळेच्या बाबतीत तीन, काका साडेचार. मालकाच्या त्या वाक्याचा एक स्टार कापून चार दिलेत. पोस्ट करायच्या आधी धाकटीला वाचायला पाठवलं तर तिचा रिप्लाय, "मालकाचा कापलास, तुझा कधी?" अजून निळी टिक आहे, उत्तर दिलेलं नाही.

आणि हो, फॉलला टाकलेल्या साडीची पावती जपून ठेवा. गुलाबी रंगाची चिटुकली असते, पर्समध्ये हरवते, आणि ती नसली तर ओळख असली तरी साडी देत नाहीत.