चासेन, चाशाकु आणि बाकीचं बांबूचं सामान : गेल्या हिवाळ्यापासून वापरतेय, त्याचा अनुभव

आधीच सांगते, जपानी टी सेरेमनीच्या बांबूच्या सामानात दोन जाती आहेत, एक झिजून संपणारी आणि एक वापरून वापरून खुलणारी, आणि जमवायला लागायच्या आधी हा फरक डोक्यात बसला तर पैसे बरोबर जागी जातात. चासेन, म्हणजे माच्चा (हिरव्या चहाची बारीक पूड) घुसळायची बांबूची रवी, ही संपणारी. चाशाकु, म्हणजे माच्चा डब्यातून काढायचा तो लांब बारीक चमचा, नीट ठेवला तर आपल्यानंतरही राहतो. पाणी घ्यायची पळी, म्हणजे हिशाकु, आणि गरम पाण्याच्या लोखंडी भांड्याचं झाकण टेकवायला असतं ते फुताओकि, हे दोघं मधे कुठेतरी. मी ओसाकात राहते आणि उरासेन्के या टी सेरेमनीच्या घराण्याच्या क्लासला जाते, त्यामुळे खालचं सगळं त्या पद्धतीच्या अंगाने वाचा.

चासेनबद्दल सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण रोज हातात तीच असते. नारा प्रांतात इकोमा शहराचा ताकायामा म्हणून भाग आहे, तिथे साधारण ५०० वर्षं हेच काम चालू आहे, १९७५ मध्ये सरकारने पारंपरिक हस्तकला म्हणून मान्यताही दिली, आणि जपानमध्ये बनणाऱ्या बहुतेक चासेन तिथल्याच. ओसाकाहून जाऊन येण्यासारखं आहे, जमलं तर जाच, कारण कारागिराला जवळून बघितल्यावर किमतीबद्दल तोंडातून एक शब्द निघत नाही. साधारण तीन वर्षांचा बांबू हिवाळ्यात तोडतात, पाण्यात उकळून त्यातलं तेल काढतात, थंडीच्या उन्हात वाळवतात आणि मग वर्ष दोन वर्षं नुसता ठेवून देतात. पेराच्या, म्हणजे बांबूच्या गाठीच्या, वरचा भाग आधी सोलून १६ ठिकाणी चिरायचा, प्रत्येक चीर बाहेर वाकवून आतला मऊ गर काढून टाकायचा, मग त्या प्रत्येकाचे एक जाड एक बारीक असे १० काप, म्हणजे झाले १६०. जाड ८० बाहेर राहतात, बारीक ८० आत जातात, म्हणून तिला ८०ची चासेन म्हणायचं. हे सगळं एका अखंड तुकड्यात, कुठे गोंद नाही, खिळा नाही, शेवटी फक्त दोऱ्याने विणून आतलं-बाहेरचं वेगळं करतात. त्याच्या आधी काड्या गरम पाण्यात भिजवून बुडापासून टोकाकडे पातळ पातळ तासत नेतात, आणि चहाची चव इथेच ठरते असं तिथली मंडळी सांगतात.

ते खरं आहे, वापरताना कळतं. माझी पहिली चासेन माच्चाच्या एका ऑनलाइन सेटमध्ये आलेली, मशीनवर काढलेली असावी, काड्या बुडाला आणि टोकाला सारख्याच जाड. घुसळताना बाऊलच्या तळाला खरखर घासायच्या, फेसाचे बुडबुडे मोठे, आणि महिन्याभरात टोकं तुटून चहात यायला लागली. ताकायामाची हातात घेतल्यावर पहिला फरक मनगटाला जाणवला, टोकं तळाला टेकतात आणि लगेच उसळी घेतात, जोर लावावाच लागत नाही, फेस बारीक आणि सायीसारखा दाट. उरासेन्केत वर पूर्ण फेस हवा असतो म्हणून आम्हाला भरपूर काड्यांची बरी पडते, ओमोतेसेन्के या दुसऱ्या घराण्याचे लोक थोडा भाग मोकळा सोडतात. कोइचासाठी, म्हणजे घट्ट माच्चासाठी, मात्र कमी आणि जाड काड्यांची वेगळी चासेन घ्या, बारीक काड्यांनी कोइचा मळायला गेलं की त्यांची वाट लागते.

टिकते किती हे सगळे विचारतात. रोज एक-दोन वाट्या केल्या तर आधी टोकांचा आतला बाक जातो, मग मधला घट्ट गुच्छ सैल होतो, टोकं हिरवट पडतात, आणि मग एखाद-दुसरी काडी तुटायला लागते. तिथे थांबायचं. माझी अजून दुसऱ्या पायरीवर आहे आणि फेस उत्तम येतोय. वापरायच्या आधी गरम पाण्यात थोडा वेळ भिजवा, झाल्यावर नुसत्या कोमट पाण्याने, साबण अजिबात नाही, आणि ती ज्या प्लास्टिकच्या डबीत येते त्यात परत ओली ठेवू नका. जूनमध्ये इथे पाऊस लागतो तेव्हा बुरशी बघता बघता धरते, मी त्या दिवसात पंख्याच्या वाऱ्यावर उघडी ठेवते. चिनी मातीचा स्टँड आकारासाठी चांगला पण पूर्ण वाळायला मला उघडी हवाच बरी वाटते. झिजलेल्या चासेन आमच्या क्लासमध्ये एकत्र करतात आणि देवळात चासेन-कुयो असतं तिथे देतात, तिथे त्यांचे आभार मानून त्या अग्नीला देतात. मला ही पद्धत फार आवडते, ज्या वस्तूने इतकी सेवा केली ती कचऱ्याच्या पिशवीत टाकवत नाही.

आता चाशाकु, माझा जीव इथेच अडकलाय. साधारण १८ सेंटीमीटरची बांबूची पट्टी, टोक आचेवर वाकवलेलं, मधोमध पेर. पेर मधे ठेवायची पद्धत सोळाव्या शतकातला मोठा टी-मास्टर सेन नो रिक्यू याची मानतात. रिक्यूने १५९१ मध्ये मरणाच्या आधी स्वतः कोरलेला ‘नामिदा’, म्हणजे अश्रू, हा चाशाकु नागोयाच्या तोकुगावा म्युझियममध्ये आहे, तो त्याने आपला शिष्य फुरुता ओरिबे याला दिला होता. एवढीशी काडी, पण चारशेहून जास्त वर्षं जपलीय!

माझ्याकडे एक साधा पांढऱ्या बांबूचा, एक ठिपक्याठिपक्यांचा, आणि एक सुसुदाकेचा आहे. सुसुदाके म्हणजे जुन्या गवती छपराच्या घरातला बांबू, खालच्या चुलीचा धूर शंभर-दीडशे वर्षं खाल्लेला, कोकणात जुन्या घरांचे वासे जसे धुराने काळे चकचकीत झालेले असतात अगदी तसा. माझ्या चाशाकुवर पेराच्या जरा खाली एक फिकट तिरपा पट्टा आहे, तिथे छपराला बांधलेली दोरी होती म्हणून धूर पोचला नाही. तशी घरंच कमी होत चाललीत म्हणून सुसुदाके महाग, आणि तो महाग असण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पेराच्या मागच्या बाजूला जरा पोखरून कमान काढलेली असते, घेताना पालथा करून तीच बघा, कोरणाऱ्याचा हात तिथे दिसतो. चाशाकुला पाणी लावायचं नाही, नुसता पुसायचा. रोजच्या पुसण्याने पांढऱ्यावर आता मधासारखा रंग चढायला लागलाय.

हिशाकु आणि फुताओकिचं थोडक्यात. दोन्ही सीझनची वेगवेगळी लागतात. नोव्हेंबर ते एप्रिल रो, म्हणजे जमिनीतली चूल, असते, तेव्हाच्या हिशाकुचं भांडं मोठं, मे ते ऑक्टोबर फुरो, म्हणजे जमिनीवर ठेवायची शेगडी, तिच्या हिशाकुचं लहान. फुताओकिचंही तसंच, फुरोच्याला पेर अगदी वरच्या कडेला, रोच्याला मधे. घरात एसी-हीटर असेल तर त्याच्या झोताखाली काही ठेवू नका, कोरड्या हवेने बांबू तडकतो. तडकला म्हणून टाकूही नका लगेच, रिक्यूने १५९०च्या ओदावाराच्या युद्धमोहिमेत निरायामा इथल्या बांबूचं कापलेलं ‘ओन्जोजी’ हे फुलांचं भांडं तडा गेलेलंच आहे आणि टोकियो नॅशनल म्युझियममध्ये मानाने ठेवलंय.

नव्याने घेणाऱ्यांना माझं मत, पहिले पैसे ताकायामाच्या ८० किंवा १००च्या चासेनवर घाला, चार-पाच हजार येनच्या आसपास चांगली मिळते, चाशाकु सुरुवातीला साधाच घ्या. सुसुदाकेची चासेन दिसायला देखणी असते, ओमोतेसेन्केत तीच वापरतात, पण तुम्ही त्यात नसाल तर झिजणाऱ्या वस्तूत एवढा दुर्मिळ बांबू घालू नका, तो चाशाकुतच घ्या. पुण्या-मुंबईला कोणासाठी नेणार असाल तर एकाऐवजी दोन चासेन न्या, पूर्ण कोरड्या, आणि तिथल्या पावसाळ्यात दुसरी सीलबंदच ठेवायला सांगा.