डोसिंग पंप: साधी डीसी मोटर की स्टेपर?

गोरेगावचा भाचा अडलाय: "मामा, रीफ टाकीला (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीला) कुठला पंप घेऊ?" डोसिंग पंप म्हणजे रोलरने नळी दाबत बाटलीतलं द्रावण थोडं थोडं मोजून टाकीत सोडणारा पंप.

किमतीत डीसी स्वस्त. अचूकतेत स्टेपर (ठरावीक छोट्या पावलांनी फिरणारी मोटर) पुढे; डीसीचा वेग झिजेबरोबर सरकतो, दर महिन्याला सिरिंजने मोजून कॅलिब्रेशन करावं, म्हणजे मात्रा पुन्हा जुळवावी लागते. आवाजाचंही बघ, वन रूम किचनमध्ये रात्री डीसीची घरघर चांगलीच ऐकू येते.

देखभाल मात्र दोन्हींना सारखीच. रोलरखाली नळी चपटी होते, ती बदलायचीच. अल्कलिनिटीच्या (पाण्याची क्षारता राखणाऱ्या द्रावणाच्या) नळीच्या टोकाला पांढरी खपली धरते, व्हिनेगरमध्ये बुडवली की सुटते. टोक पाण्याच्या वरच ठेव. माझी नळी बुडालेली होती, झिजल्यावर उलटं टाकीचं पाणी बाटलीत आलं!

मऊ प्रवाळ असतील तर डीसी पुरे. अ‍ॅक्रोपोरा हे पाण्यातल्या बदलाला नाजूक असलेलं कठीण प्रवाळ ठेवणार असशील तर स्टेपरच घे.