झुरळांचं जेल: काही महिने वापरल्यानंतर

सिरिंजमध्ये मिळणारं झुरळांचं जेल गेले काही महिने वापरतेय. आधी निकाल सांगून टाकते: बारक्या तपकिरी झुरळांवर ते फवाऱ्यापेक्षा कितीतरी सरस आहे. गटारातून वर येणाऱ्या मोठ्या लालसर झुरळांसाठी मात्र ते घेऊ नका, त्यांच्यासाठी जाळीचं झाकण बरं.

बारकं म्हणजे डोक्यामागे दोन काळ्या रेघा असलेलं जर्मन झुरळ. ते घरातच वाढतं: फ्रिजच्या मोटारीजवळ, मिक्सरच्या बुडाशी, कपाटाच्या बिजागरीत. फवारा मारला की समोरची मरतात, उरलेली आणखी आत सरकतात. जेलचं तसं नाही. ते खाऊन झुरळ फटीत परततं आणि तिथे मरतं. त्याची विष्ठा आणि मढं बाकीची खातात, मग त्यांचाही नंबर लागतो. फटीबाहेर फारशी न येणारी पिल्लं अशीच संपतात. किळसवाणं आहे खरं, पण पैसे वसूल होतात ते इथेच.

सुरुवातीला भरदिवसा उलटी पडलेली झुरळं दिसली, मग सगळं सामसूम. आणि जरा निर्धास्त व्हावं तोच बारीक काळपट पिल्लं पळताना दिसली. औषध वाया गेलं असं समजू नका. मादी पोटाच्या टोकाला अंड्यांची पुडी घेऊन फिरते, एका पुडीत साधारण ३० ते ४० अंडी. अंडी काही जेल खात नाहीत! त्यामुळे दुसरा हात द्यावाच लागतो.

जेल लावायचं ते बारीक ठिपक्यांनी, आणि जिथे विष्ठेचे काळे डाग दिसतात तिथेच. लांब रेघ ओढलीत तर निम्मं वाळून जाईल. शेगडीजवळ तर ते फारच लवकर कडक होतं, आणि वाळलेल्याला झुरळं तोंड लावत नाहीत. ठिपक्यांच्या आसपास फवारा मारायचा नाही, फिनेलने पुसायचंही नाही. घरातल्या बाकीच्यांना हे पटवणं सगळ्यात अवघड.

तक्रारी दोन. दट्ट्यावरचा अंगठा काढला तरी जेल गळत राहतं, आणि सनमायकावरचा डाग खरवडून काढावा लागतो.

ताज्या जेलकडेही झुरळं फिरकत नसतील तर दुसऱ्या कंपनीचं, दुसऱ्या घटकाचं आणा. म्हणजे जेलमधलं कीटकनाशक फिप्रोनिल असेल तर इमिडाक्लोप्रिडवालं. आमिषात साखर असते, आणि काही जर्मन झुरळांना ग्लुकोज ही साखर कडू लागते, हे संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलंय, तेव्हा नुसतं विष नव्हे, आमिषही बदललेलं बरं.