बुरशी काढण्याचे काम : एका कंत्राटदाराचा अनुभव

शयनगृहाची भिंत दोनदा रंगवूनही काळी बुरशी परत आली, तेव्हा आम्ही कंत्राटदार शोधला. पहिल्यांनी भिंत न तपासताच फवारणीचा दर सांगितल्याने त्यांना नकार दिला. दुसऱ्यांनी मात्र ओलावा मोजण्याचे यंत्र लावून भिंतीच्या आत गळणारी नळजोडणी शोधली आणि ती दुरुस्त झाल्याशिवाय बुरशीला हात लावणार नाही, असे स्पष्ट सांगितले. हे मला सर्वांत मोलाचे वाटले, कारण ओल कायम राहिली तर कोणत्याही रसायनाचा उपयोग टिकत नाही. त्यांनी दारावर प्लास्टिकचा पडदा लावून खोली बंदिस्त केली आणि ०.३ मायक्रॉन आकाराचे किमान ९९.९७ टक्के कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरच्या यंत्राने धूळ ओढून घेतली. भुसभुशीत झालेला गिलावा त्यांनी पुसत न बसता खरवडून काढला, आणि तेच योग्य होते, कारण सच्छिद्र पृष्ठभागात शिरलेली बुरशी वरवर पुसून जात नाही. भिंत किती दिवस वाळवायची हे त्यांनी लेखी द्यायला हवे होते. त्यासाठी आम्हाला दोनदा विचारावे लागले. खोलीतील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवण्याची त्यांची सूचना आम्ही पाळतो. आठ महिन्यांत डाग परतलेला नाही.