महेश्वर की तंजावर? एकाच ठिकाणी जायचं असेल तर

देऊळ पण बघायचंय, राजवाडा पण बघायचाय आणि त्यात थोडा आपला मराठी इतिहास पण हवाय, असं म्हटलं की ही दोन नावं येतातच. दोन्हीकडे मराठ्यांची राजधानी होती, दोन्हीकडे शंकराचं मोठं देऊळ आहे, त्यामुळे सारखंच काहीतरी असेल असं वाटतं पण अजिबात नाही. मध्य प्रदेशात नर्मदेकाठचं महेश्वर म्हणजे अहिल्याबाई होळकरांचं, संपूर्ण गावावर एका बाईची छाप. तमिळनाडूतल्या तंजावरला आपण तिसरे, आधी चोळ मग नायक मग भोसले, म्हणजे मोठं देऊळ आपलं नाही आणि राजवाड्याची सुरुवात पण नायकांची. हे आधीच डोक्यात ठेवून जा, नाहीतर "मराठ्यांचं तंजावर" शोधत फिराल आणि चिडाल.

आधी देवळांचं बोलू, कारण इथे सामना एकतर्फी आहे. तंजावरचं बृहदीश्वराचं देऊळ राजराज चोळाने बांधलं, १०१० च्या सुमाराला पूर्ण झालं, विमान म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर साधारण २१६ फूट उंच आणि सगळं ग्रॅनाइट. फोटोत त्याचा अंदाजच येत नाही, गोपुरातून आत आलं की माणूस दोन मिनिटं गप्प उभा राहतो. गाइड सांगेल की कळसाची सावली जमिनीवर पडत नाही, ते ऐकून सोडून द्या, सावली व्यवस्थित पडते. त्याऐवजी प्राकाराच्या, म्हणजे देवळाच्या आवाराच्या, नैऋत्येकडच्या भिंतीकडे न्यायला सांगा, तिथे तंजावरचे भोसले राजे सरफोजी दुसरे यांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला भोसले वंशाचा इतिहास आहे, मराठीत. जगातल्या सगळ्यात मोठ्या शिलालेखांत धरतात तो. तमिळ मुलखात, हजार वर्षांच्या चोळ देवळात उभं राहून आपण मराठी अक्षरं लावत बसतो ते फार भारी वाटतं, आणि गंमत म्हणजे बहुतेक मराठी ग्रुप नंदीपाशी सेल्फी काढून तिथूनच परत फिरतात.

महेश्वरला एवढं भव्य काही नाही. राजराजेश्वराच्या देवळात अखंड तेवणारे ११ दिवे आहेत, अहिल्येश्वर आहे, विठोजी होळकरांची छत्री म्हणजे स्मारक आहे, कोरीव काम बारीक आणि सुंदर आहे पण हे सगळं तासाभरात होतं. तिथली खरी मजा देवळात नाहीच, घाटावर आहे. सकाळी लवकर खाली उतरा, नावेने नदीत जाऊन किल्ला पाण्यातून बघा, बाणेश्वराचं छोटं देऊळ नदीच्या मधोमध आहे तिकडे जाऊन या. मातीची छोटी छोटी शिवलिंगं करून पूजा झाली की नर्मदेत सोडायची, ही अहिल्याबाईंच्या काळची रोजची प्रथा अजून चालू आहे, ती सकाळीच बघायला मिळते म्हणून गावात मुक्काम हवा. इंदूरहून सकाळी निघून संध्याकाळी परत असं केलं तर नेमकं हेच हुकतं.

आता राजवाडे. इथे खरं सांगायचं तर दोन्हीकडे अपेक्षा कमी ठेवा पण वेगवेगळ्या कारणाने. महेश्वरचा राजवाडा वाड्यासारखा आहे, लाकडी खांब, अंगण, बाईंची गादी, पालख्या, शस्त्रं, बस. १७६७ पासून १७९५ पर्यंत माळव्याचा कारभार जिने बघितला, काशी विश्वनाथाचं देऊळ परत उभं केलं, तिची गादी एवढी साधी बघून काही लोकांचा विरस होतो, मला तर तेच सगळ्यात जास्त आवडतं. किल्ल्याच्या एका भागात हेरिटेज हॉटेल आहे, महाग आहे.

तंजावरचा राजवाडा मोठा आहे पण देखभाल यथातथाच, काही ठिकाणी रंग उडालेत, तिकिटं पण वेगवेगळ्या भागांना वेगवेगळी. तरी चोळांच्या कांस्यमूर्ती चुकवू नका, आणि मराठा दरबार हॉलची भडक रंगातली छतं आणि खांब बघाच. पण मराठी माणसाने जायचं ते सरस्वती महालासाठी. ताडपत्रं, हस्तलिखितं, मोडी लिपीतल्या कागदांचे गठ्ठे, सगळं त्या लायब्ररीत आहे. सरफोजींना वैद्यकाचं इतकं वेड की डोळ्यांच्या पेशंटच्या नोंदी चित्रांसकट ठेवल्या होत्या. पर्यटकाला बघायला मिळतो तो छोटासा म्युझियमचा भाग, पण ज्याला वाचायची आवड आहे तो तिथे रमतो, आणि ज्याला नाही तो वीस मिनिटांत बाहेर येऊन "एवढंच?" म्हणतो. तुम्ही कुठल्या गटातले ते तुम्हालाच माहीत. तंजावरच्या भोसल्यांनी विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या नाटकाच्या, जिथून मराठी रंगभूमीची सुरुवात धरतात त्याच्या, दीडेकशे वर्षं आधी मराठीत नाटकं लिहिलीत, हे माहीत असलं की ते गठ्ठे बघताना वेगळंच वाटतं.

जायचं कसं, तर इथे महेश्वर सरळ जिंकतं. नाशिक, धुळे, सेंधवा, धामनोद अशी स्वतःची गाडी काढून जाता येतं, नाहीतर इंदूरपर्यंत ट्रेन किंवा विमान आणि पुढे नव्वदेक किलोमीटर. मांडू आणि ओंकारेश्वर त्यातच जोडून होतं. तंजावरला आधी त्रिची किंवा चेन्नई गाठा मग पुढे, पण एवढं गेलात की दारासुरम आणि कुंभकोणम केल्याशिवाय येऊ नका, दारासुरमचं देऊळ छोटं आहे आणि काही बाबतीत मला बृहदीश्वरापेक्षा जास्त आवडतं. म्हणजे ती ट्रिप लांबतेच, रजा कमी असेल तर विचार सोडा.

आईबाबांना घेऊन जायचं तर सगळे महेश्वर सुचवतात, जवळ आहे म्हणून, हिंदी चालतं म्हणून. पण घाटाच्या पायऱ्या लक्षात घ्या, किल्ल्यावरून नदीपर्यंत उतरणं आणि परत चढणं गुडघेदुखीवाल्यांना जड जातं. बृहदीश्वराचं आवार त्या मानाने सपाट आहे, फक्त अनवाणी चालायचं असतं आणि दुपारी फरशी तापलेली असते, म्हणून सकाळी किंवा चारनंतरच. दुपारी गाभारा बंद असतो तेव्हा राजवाडा करून टाका.

सीझन पण वेगळा. तंजावरकडे खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणून जानेवारी-फेब्रुवारी बरं. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर महेश्वरच, हवा मस्त असते. एप्रिल-मे मध्ये दोन्ही नको.

खरेदीचं म्हणाल तर तंजावरला मान हलवणाऱ्या बाहुल्या आणि सोन्याच्या वर्खाची तंजावर चित्रं, स्वस्तातल्या चित्रांत वर्ख खरा नसतो. महेश्वरला साडी घ्यायची तर आधी विणकरांच्या मागांवर जाऊन बघा, किल्ल्याच्या भिंतींवरची नक्षी तिथे काठावर उतरलेली दिसते, मग दुकानात जा म्हणजे पॉवरलूमचा माल हातमागाच्या भावात गळ्यात पडणार नाही.

माझं मत विचाराल तर तीन-चार दिवस असतील, लहान मुलं असतील किंवा नुसतं नदीकाठी बसायचं असेल तर महेश्वर. आठवडा हाताशी असेल आणि देवळं बघायची खरोखर आवड असेल तर तंजावर, आणि मग जाण्याआधी मराठी शिलालेखाची भिंत नेमकी कुठे आहे ते नकाशात बघून ठेवा कारण तिथे विचारलं तर प्रत्येकाला सांगता येतंच असं नाही.